ओला जिना

१

माझे कपडे मीच आणीन, असं माझं खोलीत चार वेळा सांगून झालं होतं. तरी पाचव्या दिवशी दुपारी डोळा उघडला, तर ते पुन्हा माझ्या पायापाशी ठेवलेले. साइटची पँट, दोन बनियन, टॉवेल, शर्ट. सगळ्यांत वर मोज्यांची जोडी, एकात एक घालून. मी लाथ मारून सगळं खाली पाडलं.

उन्हाळ्यात कुवेतमध्ये अकरा ते चार उघड्यावर काम करायला बंदी असते. कंपनीची बस पहाटे साडेचारला नेते, अकराला महबूल्यातल्या आमच्या बिल्डिंगवर आणून सोडते आणि चारला पुन्हा न्यायला येते. मधले तास आम्ही खोलीत काढतो. भात खायचा, पडदे ओढायचे, एसी लावायचा आणि मेल्यासारखं पडायचं. एसी जुना आहे. घशात काहीतरी अडकल्यासारखा खाकरतो, मग चालतो.

कपडे पहाटे बस यायच्या आधी गच्चीवर टाकायचे, ही इथली रीत. दहा मिनिटांत वाळतात. पण चारपर्यंत दोरीवर राहिले तर पापडासारखे कडक होतात आणि धूळ बसते ती वेगळीच. म्हणून दुपारी कोणीतरी एकाने वर जाऊन खोलीतल्या सगळ्यांचे काढून आणायचे.

हे आधीचं झालं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माझा भाऊ बाळा कपडे आणायला वर गेला आणि गच्चीवरच गेला. तेव्हापासून आमचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, रोज दहाला गच्चीच्या दाराला कुलूप घालतो आणि चारला काढतो. चावी त्याच्या कमरेला असते.

म्हणजे दाराला कुलूप असताना माझे कपडे खाली येत होते. हे मला पाचव्या दिवसापर्यंत सुचलंच नाही. मला नुसता राग येत होता.

२

आमच्या खोलीत पाच खाटा आहेत. एक रिकामी आहे. बाकी मी, तुकारामकाका, सर्फराज आणि अरुणकुमार.

"कोण आणतं माझे कपडे?" मी विचारलं.

तुकारामकाका आमच्याच देवगडचे. शटरिंगचे सुतार, पन्नाशी उलटलेली. ते पडल्या पडल्याच म्हणाले, "माका काय याड लागलाहा? आधी माझ्या ढोपरांकडे बघ. मी लिफ्ट बंद असली तर जेवूकसुद्धा खाली जाणंय नाय."

"सर्फराज?"

सर्फराज दापोलीचा, प्लंबर. त्याने चादरीतून तोंड बाहेर काढलं. "प्रज्वल, तुझी ती पँट मी हातात पण धरणार नाही. तिला तू महिन्यात एकदा साबण दाखवतोस."

"मस्करी करू नकोस."

"मग तू भांडू नकोस. झोप."

अरुणकुमार आंध्रचा. त्याला मराठी येत नाही, पण आवाज चढला की कळतं. तो म्हणाला, "भाई, मेरा खुद का कपड़ा बाथरूम में सूख रहा है. छत पे ताला है ना?"

 एसी खाकरला.

"कोणीतरी दयेने करतंय," मी म्हणालो. "मला दया नको."

काका उठून बसले. त्यांनी खाली पडलेला शर्ट उचलला आणि चटकन सोडून दिला. मग वाकून नुसता बघितला. शर्टाच्या दोन्ही बाह्या आतल्या बाजूला दुमडलेल्या होत्या, कॉलरखाली, थंडीत माणूस हात काखेत घालतो तशा. आम्ही चौघे कपड्यांचा बोळा करून पेटीत कोंबणारी माणसं. अशी घडी खोलीत एकच जण घालायचा.

"कढत हा रे," काका म्हणाले आणि बोटं बनियनला पुसली.

३

दादाला, म्हणजे बाळाला, जपानला जायचं होतं. त्याच्याबद्दल लिहिताना मला आजही राग येतो तो याचाच. माणूस कुवेतमध्ये वेल्डर, गाव देवगडजवळ, आणि कानात दिवसरात्र जपानी गाणी.

जपानात वेल्डर पाहिजेत, परीक्षा पास झालं की घेतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं. पुण्याच्या एक ज्ञानदामॅडम फोनवर शिकवायच्या, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी. शब्द पाठ व्हावेत म्हणून त्या गाणी पाठवायच्या आणि एक खेळ खेळायला लावायच्या. आपल्या भेंड्याच, पण गाणं म्हणायचं नाही, फक्त गाण्याचं नाव सांगायचं. नाव ज्या अक्षरावर संपेल त्यावरून पुढच्याने दुसऱ्या गाण्याचं नाव सांगायचं. आणि एक अट. ज्याचं नाव नुसत्या न् वर संपेल तो हरला. कारण त्या न् वरून त्यांच्याकडे एकही शब्द सुरू होत नाही. तिथे वाटच बंद.

खेळायला दादाला जोडीदार मिळेना. मग मी. मी सातवीत शाळा सोडलेली. मला इंग्रजी पाटी वाचताना घाम फुटतो, आणि हा मला जपानी शिकवणार. मी चिडायचो. तो म्हणायचा, "शीक मेल्या, तुका पण नेतंय."

तो एका वहीत दोन रकाने करायचा, एक 'बा', एक 'प्र', आणि सगळी नावं मोबाइलच्या उजेडात देवनागरीत लिहून काढायचा, अर्थासकट. मी ऐकून ऐकून पन्नासेक नावं पाठ केली होती. गाणी तशी वाईट नव्हती. एक बाई गायची, तिचा आवाज आमच्या आईसारखा होता, कामात असताना गुणगुणावं तसा.

रोज दुपारी जेवण झालं की दिवा बंद करायचा आणि अंधारात खेळ सुरू. दादा वरच्या खाटेवर, मी खालच्या. हरेल त्याने गच्चीवर जाऊन कपडे आणायचे. बाकीच्यांना बरं होतं, आमच्यापैकी एकजण जायचाच. काका म्हणायचे, "खेळा रे झिलांनो, माझी लुंगी पण घेवन येवा."

आता खरं सांगायचं तर मी दहातले आठ डाव हरायचो. आणि आठांपैकी सहा वेळा दादा जायचा. मी म्हणायचो पाय दुखतोय, डोकं दुखतंय, उद्या दोनदा जाईन. तो चपला शोधायला लागायचा.

४

त्या दिवशी डाव लवकर संपला.

दादा म्हणाला, "सेन्ताकु नो आसा." कपडे धुवायची सकाळ.

मी म्हणालो, "साबिता मादो." गंजलेली खिडकी. हे माझं आवडतं होतं.

तो म्हणाला, "दोयोबि नो हाशि." शनिवारचा पूल.

शि आलं. मला शि वरून एकच येत होतं. मी अर्धवट झोपेत होतो आणि तेच बोलून गेलो. "शिमेत्ता काइदान." ओला जिना.

वरून हसण्याचा आवाज आला. "न्. हरलंस."

"झोपेत म्हटलेलं धरत नाहीत."

"बरां. दुसरां सांग."

मला दुसरं येत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं. तो थोडा वेळ थांबला. "शि," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "शि, प्रज्वल." मी घोरल्याचं सोंग केलं. घोरणं मला चांगलं जमतं. मग त्याची खाट कुरकुरली, चपला सापडल्या, दार लागलं.

अडीच वाजता हारिस पंप बघायला वर गेला तेव्हा दादा पाण्याच्या टाकीजवळ पालथा पडला होता. चपला बाजूला पडल्या होत्या आणि फोन मुठीत होता. एकही कपडा त्याने दोरीवरून काढला नव्हता. गच्चीवर त्या दिवशी किती ऊन होतं ते मी सांगत नाही. दादाचे तळवे मी बघितले, तेवढं पुरे.

माझा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, तेव्हाच नवा करायला दिलेला. पासपोर्ट ऑफिसात अडकला. त्यामुळे दादाबरोबर मी जाऊ शकलो नाही. तो एकटाच गेला, पेटीतून. बाकीचं मी व्हिडिओवर बघितलं.

आई फोनवर रडली नाही. तिने एकच विचारलं, आणि रोज तेच विचारते. "इतक्या उन्हात तो वर कित्याक गेलो? आणि गेलो तर गेलो, तास दीड तास थय काय करत होतो?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पहिल्याचं मी दिलं. मी म्हणालो, "आम्ही खेळत होतो. तो हरला."

खोलीतही तेच सांगितलं. पोलिसांनाही. दिवा बंद होता, बाकीचे झोपलेले. कोणाला काय कळणार.

नंतर मी वही उघडून बघितली. शेवटच्या पानावर 'बा'खाली शनिवारचा पूल आणि 'प्र'खालची जागा रिकामी. माझा ओला जिना त्याने लिहिलाच नव्हता. वर जायच्या आधी माझी हार लिहायची सोडून पेन नीट टोपण लावून ठेवलं होतं.

५

सहाव्या दिवशी मी एकही कपडा वर टाकला नाही. सगळे ओले कपडे बादलीत ठेवले, बादली खाटेखाली सरकवली आणि दुपारी झोपायचंच नाही असं ठरवून बसलो. आता बघतो कोण आणतं ते.

काकांनी विचारलं, "बसलंस कित्याक?"

"पहारा देतोय."

"कोणाचो?"

"तुमचाच."

"दे बाबा," काका म्हणाले आणि दोन मिनिटांत झोपले.

बारा वाजले. सव्वाबारा. पडद्याच्या कडेने पांढरी रेघ येत होती, तेवढाच उजेड. सर्फराज दात खात होता. मला वाटलं मी वेडा आहे. भावाचा महिना व्हायचाय आणि मी बादलीवर पहारा देतोय.

तेव्हा बाहेर जिन्यात कोणीतरी गुणगुणलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये दीडशे माणसं राहतात. मल्याळी, बंगाली, नेपाळी. कोणीही गुणगुणेल. पण ते शनिवारच्या पुलाचं गाणं होतं. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि शेवटच्या अक्षरावर थांबलं. थांबणं म्हणजे संपणं नव्हे. माणूस बोलताना थांबून तुमच्या तोंडाकडे बघतो, तसं.

मी धावत जाऊन दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. वरून गरम हवा खाली येत होती, भट्टीचं झाकण काढल्यासारखी. मी एक मजला वर गेलो, शिव्या दिल्या, परत आलो. दोन मिनिटंही लागली नसतील.

माझ्या खाटेवर चौकडीचा शर्ट होता. निळा-पांढरा. बाह्या आत.

तो मी त्या दिवशी पहाटे दोरीवर टाकला होता. दादा गेला त्या दिवशी. नंतरच्या धावपळीत गच्चीवरचे कपडे कोणी आणले, कुठे गेले, कोणाला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोरी रिकामी होती, म्हणून मी समजलो होतो की गेले. खिशावर शाईचा डाग. तोच शर्ट.

मी हात लावला आणि ओढून घेतला. इतका कढत की भाकरी उतरवायला घेतात तसं फडकं घेऊन उचलावा लागला. मी तो पेटीत टाकला, पेटीला कुलूप घातलं आणि चावी गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

मग सर्फराजला उठवून त्याच्याशी भांडलो. दुसरं काय करणार. तो बिचारा डोळे चोळत म्हणाला, "प्रज्वल, तू घरी जा यार. सुट्टी टाक. नाहीतर आम्ही तरी जातो."

६

वहीच्या पहिल्या पानावर ज्ञानदामॅडमचा नंबर होता. मी संध्याकाळी साइटवरून फोन केला. मचाणावर उभा राहून, एका हाताने पाइप धरून.

"मी बाळाचा भाऊ," मी म्हणालो. "मला शि वरून एक गाणं सांगा. न् वर संपणारं नको."

 

"तुम्ही असं का विचारताय?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय करायचंय? येत असेल तर सांगा, नसेल तर ठेवा."

हे बोलायला नको होतं. त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, मला वाटलं होतं तरुण असतील. त्या चिडल्या नाहीत.

"मला कोणी कळवलंच नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "तीन शुक्रवार वाट बघितली. मग तुमच्या कंपनीतल्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. तेव्हा मी त्यांचा शेवटचा मेसेज पुन्हा काढून वाचला. वाचून दाखवू?"

"दाखवा."

"सतरा जून. बारा वाजून बावन्न मिनिटं. 'मॅडम, शि वरून एक सोपं नाव सांगा. न् वर संपणारं नको. भाऊ अडकलाय. खोलीत रेंज नाही, मी वर थांबलोय, वाट बघतो.'"

मी पाइप घट्ट धरला.

"आपल्याकडे तेव्हा सव्वातीन वाजले होते. मी बँकेत होते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी बघितला. सातला उत्तर पाठवलं. ते अजून त्यांनी वाचलेलं दिसत नाही."

"काय पाठवलं?"

"शियो नो हाशिगो. मिठाची शिडी. सोपं आहे, लहान मुलांचं गाणं आहे." मग म्हणाल्या, "तुमच्यासाठी ते नेहमीच सोपी नावं मागायचे. म्हणायचे, हरला की तोंड फुगवतो."

मी फोन ठेवला. खालून सुपरवायझर ओरडत होता, मी ऐकलं नाही. दीड तास तो वर काय करत होता ते मला कळलं होतं. मी खाली एसीत घोरण्याचं सोंग करत होतो, आणि तो गच्चीवर फोन धरून उभा होता, मला हरू न देण्यासाठी.

आणि उत्तर अजून त्याला मिळालेलं नव्हतं.

हे मला त्या क्षणी जसं समजलं तसं मला समजायला नको होतं. दुपारी साडेबाराला, कुलपाच्या पलीकडे, त्या उन्हात, कोणीतरी अजून थांबलेलं होतं.

७

दुसऱ्या दिवशी बाराला मी जिना चढलो. लिफ्ट पाचव्यापर्यंत जाते. पुढे सहावा मजला, आणि त्यानंतरच्या एकवीस पायऱ्या गच्चीच्या दाराशी संपतात. तिथे खिडकी नाही. भिंत दोन्ही बाजूंनी तापलेली. दार लोखंडाचं, अलीकडून कडी आणि कुलूप.

दाराखाली दोन बोटांची फट आहे. त्यातून ऊन असं आत येत होतं की वरच्या तीन पायऱ्या पांढऱ्या दिसत होत्या.

मी सर्वांत वरच्या पायरीवर बसलो. माझ्याकडे दोन नावं होती. मिठाची शिडी सांगितली की डाव पुढे चालला असता. गो आलं असतं, त्याने पुढचं सांगितलं असतं, उद्या मी, परवा तो. रोज दुपारी. रोज कढत कपडे. खोटं बोलत नाही, मला तेच हवं होतं. भाऊ कसाही असला तरी असावा, असं वाटत होतं. थांबू दे त्याला वर. त्याला काय सवय नव्हती माझ्यासाठी थांबायची?

साडेबारा वाजले आणि दारापलीकडे गाणं सुरू झालं.

अगदी जवळ. लोखंडाच्या जाडीइतकं जवळ. घसा कोरडा पडला की आवाज जसा चिकटतो, तसा चिकटत होता. पुलाच्या गाण्याची पहिली ओळ पूर्ण झाली नाही. दुसरी ओळ नुसता वारा. आणि तरी शेवटचं अक्षर आलं. शि.

फटीतल्या उजेडात दोन सावल्या होत्या. दोन पावलांच्या. त्या हलत होत्या, डावा उजवा, डावा उजवा. तापलेल्या फरशीवर अनवाणी माणूस पाय बदलतो तशा.

मिठाची शिडी माझ्या जिभेवर होती. मी तोंड उघडलं आणि मला त्या चपला आठवल्या, टाकीजवळ बाजूला पडलेल्या.

"शिमेत्ता काइदान," मी म्हणालो.

सावल्या थांबल्या.

"न्," मी म्हणालो. "झोपेत नव्हतो. जागाच होतो. हरलो होतो मी, दादा. तू जा."

कुलूप हललं नाही. दार उघडलं नाही. फटीतला उजेड एकदा पूर्ण गेला, कोणी खाली वाकून बघावं तसा, आणि परत आला. सावल्या नव्हत्या.

मी उठणार होतो. तेव्हा माझ्या मांडीशेजारच्या पायरीवर काहीतरी चमकलं. ओलं पाऊल. पुढच्या पायरीवर दुसरं. त्याच्या पुढच्या पायरीवर तिसरं, मी बघत असताना उमटलेलं, आणि तोपर्यंत पहिलं कडेकडेने वाळत चाललेलं. उजव्या पावलाला करंगळी नव्हती. दादाच्या पायावर दोन वर्षांपूर्वी सिलिंडर पडला होता.

ती पावलं माझ्या बाजूने खाली उतरून गेली. एकवीस पायऱ्या. घाईत नव्हती. मी शेवटची मोजली तेव्हा वरच्या सगळ्या कोरड्या होत्या.

८

खोलीत आलो तेव्हा माझ्या खाटेवर काही नव्हतं. मी पायथा चाचपला, खाली वाकून बघितलं, सर्फराजच्या खाटेवरही बघितलं. काही नाही. मग मी आडवा पडलो आणि महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपलो.

चारला हारिसने कुलूप काढलं. बस खाली हॉर्न देत होती, तरी मी आधी वर गेलो. पहाटे टाकलेले माझे कपडे दोरीवरच होते, पापडासारखे कडक, धुळीने भरलेले. मी ते काढले. काकांची लुंगी पण काढली. हरणाऱ्याने आणायचे असतात.

गच्चीवर रेंज चांगली आहे. मी टाकीजवळ उभा राहून आईला फोन लावला.

तिकडे पाऊस ऐकू येत होता, पत्र्यावर, जोराचा. "आई," मी म्हणालो, "मी खोटं सांगितलं. त्या दिवशी हरलो होतो मी. तो माझ्या वाट्याचा गेला."

 मी दोरी धरून उभा होतो.

"ता काय माका कळाक नाय?" ती म्हणाली. "ल्हानपणापासून तूच हरतंस आणि तोच उठता. माका तुझ्या तोंडातून आयकूचा होता." मग तिचा आवाज जरा बदलला. "जेवलंस?"

"हो."

"बरां. आयक, एक इचारतंय. आठ दिस झाले, पाऊस थांबाक नाय. पडवीत कपडे वाळत टाकलेत, वास मारतत पण वाळत नाय. आज दुपारी डोळो लागलो माझो. उठान बघतंय तर सगळे काढून, घडी घालून ओटीवर ठेवलेले. माका वाटला शेजारची प्रभा येवन गेली. तिका इचारलंय, तर ती नाय म्हणता."

मी विचारलं, "बाह्या?"

"आत घातलेल्यो."

टाकीचा पंप सुरू झाला. मी दचकलो.

"आणि गरम रे," आई म्हणाली. "तव्यावरून काढल्यासारखे. एवढ्या पावसात. मी मांडयेर घेवन बसलंय, अजून निवाक नाय."

"आई, ते खाली ठेव."

"कित्याक? घरातल्या माणसान काढलेले कपडे." तिने काहीतरी झटकल्याचा आवाज आला. "पण तुझो शर्ट हयसर कसो इलो, ता माका सांग. तो चौकडीचो. निळो. तू तर नेलंस ना थय? खिशार शाईचो डाग हा बघ."

खालून बसचा हॉर्न वाजला, लांब. काका माझ्या नावाने ओरडत होते. मी येतो म्हणालो, फोन ठेवला आणि कपडे काखेत मारून उतरलो.

मी तो शर्ट ज्या पेटीत टाकला होता, ती माझ्या खाटेखाली आहे. कुलूप जसंच्या तसं आहे, चावी माझ्या गळ्यात आहे. सर्फराज रोज म्हणतो, उघडून बघ ना एकदा, काय ते कळेल तरी.

त्याला बोलायला काय जातंय. मी पेटी उघडलेली नाही.